टेक्सासमधलं जुनं कोर्टहाउस बघायचं कसं (टॉवरचा फोटो सगळ्यात शेवटी)

पहिल्यांदा डॅलसजवळच्या वॉक्साहॅची गावी कोर्टहाउस बघायला गेलो तेव्हा मी काय केलं, तर गाडी लावली, टॉवरचा फोटो काढला, मग बायकोचा आणि टॉवरचा एकत्र फोटो काढला, समोरच्या दुकानात आइस्क्रीम खाल्लं आणि वीस मिनिटांत परत डॅलसच्या रस्त्याला. पुढच्या चार-पाच कोर्टहाउसांचंही तेच केलं. मग आई इकडे आली, तिला घेऊन परत वॉक्साहॅचीला गेलो, तर ती आपली इमारतीला सावकाश प्रदक्षिणा घालत सुटली, आणि मागच्या बाजूने हाक मारली, अरे इकडे ये, इथे खांबावर कोणीतरी दात विचकतोय बघ. तीन वेळा येऊनही मला ते तोंड दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी पद्धत बदलली, आणि डॅलसकडच्या मित्रांना तीच सांगत असतो, म्हणून एकदाची लिहून टाकतो.

आधी हे आहे काय ते. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी, आणि टेक्सासमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत. कोर्टहाउस म्हणजे नुसतं कोर्ट नाही. जमिनीची खरेदीखतं, लग्नाचं लायसन, टॅक्स, काउंटीच्या रस्त्यांचं बजेट, सगळं एका छपराखाली, म्हणजे थोडक्यात आपली मामलेदार कचेरी, फक्त बाहेर झाडाखाली टायपिस्ट आणि स्टँपवाले बसलेले नसतात (आईचं निरीक्षण). गंमत म्हणजे इथे काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून जो कारभार बघतात त्याला 'कमिशनर्स कोर्ट' म्हणतात, पण ते खटले चालवणारं कोर्ट नाहीच, ती आपल्या जिल्हा परिषदेसारखी बॉडी आहे. दारावरची पाटी वाचून गोंधळायचं नाही.

कुठून सुरुवात करायची? डॅलसवाल्यांनी वॉक्साहॅची आणि हिल्सबोरो एका दिवसात करावं, दोन्ही दक्षिणेला एकाच हायवेवर आहेत, वॉक्साहॅची साधारण ३० मैल आणि तिथून पुढे अर्धा-पाऊण तास. फोर्ट वर्थकडून असाल तर ग्रॅनबरी, वेदरफर्ड, डिकेटर. आणि कृपा करून वीकेंडला जाऊ नका. बहुतेक इमारतींत अजून ऑफिसं चालू आहेत त्यामुळे शनिवारी दाराला कुलूप, मी जुलैच्या उन्हात दीड तास गाडी चालवत जाऊन ते कुलूप बघून आलोय. एक सुट्टी टाका आणि मधल्या वारी सकाळी जा. दारात मेटल डिटेक्टर असतो, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला छोटा चाकू, स्विस नाइफ वगैरे गाडीतच ठेवा. माझा एकदा बाहेर कुंडीमागे लपवून ठेवावा लागला होता आणि परत येईपर्यंत माझं सगळं लक्ष त्या कुंडीत.

गाडी कोर्टहाउसला चिकटून लावू नका, एक ब्लॉक अलीकडे लावा आणि चालत या, कारण गावाची आखणीच मुळात त्या दर्शनासाठी केलेली आहे. मधला एक पूर्ण ब्लॉक कोर्टहाउसला, चारी बाजूंनी रस्ते, आणि रस्त्यांच्या पलीकडे दुकानांच्या विटांच्या रांगा. या आखणीला शेल्बीव्हिल स्क्वेअर म्हणतात, टेनेसी राज्यातल्या त्या नावाच्या गावावरून, आणि टेक्सासमध्ये हाच नमुना सगळ्यात जास्त दिसतो. देवळाभोवती जसा बाजार भरतो तसंच, फक्त गाभाऱ्यात क्लर्क. काउंटीचं ठिकाण कुठल्या गावाला मिळणार यावर त्या काळात गावागावांत भांडणं व्हायची, कारण ज्याला कोर्ट त्याला वकील, हॉटेलं, बाजार, सगळंच. त्यामुळे एकदा ठिकाण मिळालं की एवढं दगडाचं बांधून ठेवायचं की उद्या कोणी हलवायची भाषाच करू नये. चारी बाजूंना सारखाच थाट असतो त्याचं एक कारणही हेच, समोरच्या चारही रांगांतल्या दुकानदारांना मागची बाजू आपल्या वाट्याला आलेली चालणार नव्हती!

आता जवळ आलात की टॉवरकडे मान वर करायची नाही. खाली बघा. कोपऱ्यात, बहुतेक वेळा ईशान्येच्या, कोनशिला असते. तिच्यावर जज, कमिशनर, आर्किटेक्ट, कंत्राटदार, सगळ्यांची नावं. तेव्हाही नावं कोरून घ्यायची हौस आत्ताच्या नगरसेवकांइतकीच होती. आणि कधीकधी वर्ष बघून चक्रावायला होतं, ५८९५ वगैरे. घाबरू नका, कोनशिला बसवायचा मान बऱ्याचदा फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघटनेच्या मंडळींना असायचा आणि त्यांच्या कालगणनेत आपल्या इसवी सनात ४००० मिळवतात, म्हणजे ५८९५ म्हणजे १८९५. आपण शके काढायला ७८ वजा करतो तसंच, हेच वर्ष आपल्याकडे साधारण शके १८१७.

कोनशिलेवरचं वर्ष १८८१ नंतरचं आणि १९०० च्या आतलं असेल तर तुम्ही खऱ्या मालापाशी आलात. १८८१ साली टेक्सासच्या विधिमंडळाने काउंट्यांना कोर्टहाउस बांधण्यासाठी बाँड काढायची, म्हणजे कर्ज उभं करायची परवानगी दिली, आणि मग जी चढाओढ लागली ती लागली. त्याआधीची कोर्टहाउसं लाकडाची, नाहीतर साधी, आणि ती जळायची. एकदा जळलं की जमिनीचे सगळे कागद गेले, कोणाचा बांध कुठे सगळी बोंब. त्यामुळे दगड हा नुसता थाट नव्हता, भीती पण होती. पैसा यायचा कापसाचा. वॉक्साहॅची ज्या एलिस काउंटीत आहे ती काळ्या मातीच्या पट्ट्यात येते, मी यवतमाळचा, पावसानंतर तिथल्या शेताच्या कडेला बुटाला जो चिखल चिकटला तो बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि इथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होता. मग इकडचा कापूस परत सुरू झाला आणि आपला भाव पडला. म्हणजे या दगडांचा आणि आपला तसा लांबचा का होईना संबंध आहे.

आता स्टाइल ओळखायची. पुस्तकात याची लांब यादी असते, मी तीनच लक्षात ठेवतो.

छप्पर बघा. कडेला जवळजवळ उभं आणि वर सपाट, पेटीला झाकण घातल्यासारखं, असं असेल तर ती सेकंड एम्पायर, तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसवरून आलेली. त्या छपराला मॅन्सार्ड म्हणतात. वेदरफर्डचं १८८६ चं, ग्रॅनबरीचं १८९१ चं, हिल्सबोरोचं १८९० चं, ही तिन्ही या जातीची, तिन्ही पांढरट चुनखडीच्या दगडातली, आणि तिन्ही वेको गावच्या डब्ल्यू. सी. डॉडसन या एकाच आर्किटेक्टची, त्यामुळे एकामागून एक बघितली तर सख्ख्या बहिणी वाटतात. पूर्वेकडच्या शहरांत ही फॅशन तोपर्यंत जुनी झाली होती, पण ती टेक्सासपर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचली तेव्हा इथल्या लोकांनी ती मन लावून केली.

दुसरी खूण म्हणजे गोल कमानी, खडबडीत ठेवलेला दगड, बुटके जाड खांब, किल्ल्यासारखा भारदस्तपणा. ही रोमनेस्क. बोस्टनकडच्या एच. एच. रिचर्डसनने ही स्टाइल अमेरिकेत गाजवली, पिट्सबर्गचं त्याचं कोर्टहाउस तो गेल्यावर १८८८ ला पूर्ण झालं आणि मग देशभर त्याच्या नकला निघाल्या. टेक्सासमधला या स्टाइलचा बादशहा म्हणजे जे. रायली गॉर्डन. वॉक्साहॅचीचं १८९५ ते ९७ चं, डिकेटरचं १८९६ चं, ला ग्रेंजचं १८९१ चं, सगळी त्याची. वॉक्साहॅचीला दोन रंगांचा खेळ आहे, गुलाबी ग्रॅनाइट आणि लाल सँडस्टोन. ऑस्टिनचं कॅपिटल, म्हणजे राज्याचं विधानभवन, ज्या ग्रॅनाइटचं आहे तो याच राज्यातल्या मार्बल फॉल्सजवळचा, ते १८८८ ला झालं आणि त्यासाठी स्कॉटलंडहून दगडफोडे आणले होते. डिकेटरचं सबंध गुलाबी आहे आणि मला विचाराल तर संध्याकाळच्या उन्हात तेच भाव खाऊन जातं, पण हे वॉक्साहॅचीत बोलू नका.

तिसरी म्हणजे १९०० नंतरची, रांगेने उंच खांब, त्यावर त्रिकोणी कपाळपट्टी, मध्ये घुमट. ही क्लासिकल. वेकोचं १९०१ चं असं आहे, आणि बघा, तेही गॉर्डनचंच, म्हणजे वारं फिरलं तसा गडीही फिरला. १९३० च्या आसपासची जी सपाट, ठोकळ्यासारखी, मंदीच्या काळात सरकारी पैशातून झालेली आहेत त्यांचे चाहते वेगळे, मी त्यातला नाही, पुढे जाऊ.

एक इशारा मात्र देतो. फक्त पुढून बघून वर्ष सांगायला जाऊ नका, फसाल. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्कोकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींचं जुनं कोर्टहाउस म्हणजे मॅकिनीच्या स्क्वेअरमधलं. बाहेरून बघाल तर खांबवालं, विसाव्या शतकातलं. पण आतला सांगाडा १८७० च्या दशकातला सेकंड एम्पायर आहे, १९२७ ला त्याला हा नवा मुखवटा चढवला. आता तिथे नाटकं आणि गाणी होतात. त्यामुळे नेहमी बाजूच्या भिंतीला जाऊन खिडक्यांची उंची बघायची, पुढचा मुखवटा बदलता येतो, खिडक्यांची उंची बदलणं अवघड.

खिडक्यांवरून अजून एक युक्ती. लॉनवर उभं राहून वरच्या मजल्याच्या उंच खिडकीत नीट बघा. काचेच्या वरच्या भागात आडवी पट्टी दिसली, किंवा तेवढाच तुकडा आतून रंगवून बंद केलाय, तर समजायचं आत फॉल्स सीलिंग ठोकलंय. १९५०-६० मध्ये एसी आला आणि एसीचं बिल वाचवायला सोळा-सोळा फुटांची छतं पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्यांनी झाकली गेली, बाल्कन्या भिंती घालून बंद झाल्या. रिस्टोरेशन म्हणजे बहुतेक वेळा हेच उपसणं. १९९८ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने टेक्सासच्या कोर्टहाउसांना देशातल्या सगळ्यात धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत टाकलं, आणि १९९९ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी खास अनुदानाची योजना सुरू केली, त्यातून एकेक सुधारत गेलं. खिडकीची काच वरपर्यंत मोकळी दिसली की ओळखायचं, हिचं काम झालंय.

एसी नव्हता तेव्हा काय करत होते? इथे गॉर्डनचं डोकं कळतं. टेक्सासचा उन्हाळा म्हणजे आपला विदर्भच. त्याने इमारत अधिकच्या चिन्हासारखी केली आणि दरवाजे चार भुजांच्या मधल्या कोपऱ्यांत घातले, सावलीच्या कमानीत, आणि बरोबर मध्ये वरपर्यंत उघडी पोकळी, तिच्यावर टॉवर. कोपऱ्यातून वारा आत घ्यायचा, गरम झालेली हवा मधल्या पोकळीतून टॉवरमध्ये चढायची आणि बाहेर. म्हणजे तुम्ही ज्याचा फोटो काढायला आलात तो टॉवर एक भलं मोठं धुरांडं आहे. वाड्याच्या चौकाचं जे काम तेच, फक्त डोक्यावर घड्याळ. एखाद्या कोपऱ्यातल्या दारात दोन मिनिटं उभे रहा, जुलैतसुद्धा फरक जाणवतो.

आता ती तोंडं. वॉक्साहॅचीला याच कोपऱ्यांतल्या ओवऱ्यांमध्ये खांबांच्या माथ्यावर पानाफुलांत चेहरे कोरलेत. काही देखणे, काही वेडेवाकडे, दात विचकणारे. गावात गोष्ट सांगतात की हॅरी हर्ली नावाचा कारागीर मेबल फ्रेम नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, तिच्या घरच्यांच्या खानावळीत तो राहायचा. सुरुवातीला तिचा चेहरा सुंदर कोरला, तिने नाही म्हटल्यावर चेहरे कुरूप होत गेले. इतिहासकार हिला दंतकथाच म्हणतात, आणि रोमनेस्कमध्ये असली तोंडं कोरायची रीत आधीपासून होतीच, त्याला प्रेमभंग लागत नाही. पण ही गोष्ट ऐकली की मला मुंबई हायकोर्टाचं माकड आठवतं, १८७८ च्या त्या इमारतीत एका खांबावर एका डोळ्याला पट्टी बांधलेलं, हातात तराजू घेतलेलं माकड आहे, आणि तिथेही हीच कथा, केस हरलेल्या कंत्राटदाराने सूड घेतला म्हणून. न्यायाच्या इमारतीवर कोणीतरी राग काढलाय अशी गोष्ट लोकांना दोन्हीकडे हवी असते. दुर्बीण न्या, नाहीतर फोनचा झूम वापरा, आणि सकाळी तिरकं ऊन असताना बघा, दुपारी सगळे चेहरे सपाट दिसतात.

छपरावर न्यायदेवता असेल तर ती दगडाची आहे असं समजू नका. त्यातल्या बऱ्याच पत्रा ठोकून केलेल्या, पोकळ आणि कॅटलॉगमधून मागवलेल्या. ओहायोतल्या सेलम गावची मलिन्स नावाची कंपनी असले पुतळे विकायची. कपाळपट्टीच्या नक्षीलाही बोटाने टिचकी मारून बघा, कधीकधी ठण्ण वाजतं, दगडासारखा रंगवलेला पत्रा.

लॉनवरचं पण वाचायचं, ते सोडू नका, जरी आवडलं नाही तरी. बऱ्याच ठिकाणी यादवीतल्या दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूच्या, सैनिकाचा पुतळा असतो, आणि तो युद्धानंतर पन्नासेक वर्षांनी बसवलेला असतो, ते वर्ष बघाच, कारण तो कशासाठी बसवला ते त्या वर्षावरून कळतं. डेंटनला १९१८ चा होता, २०२० च्या जूनमध्ये काढला.

आत गेलात की सरळ दुसऱ्या मजल्यावर (म्हणजे आपल्या हिशोबाने पहिल्या). मोठं कोर्टरूम तिथेच असतं, दोन मजली उंच. दाराशी असलेल्या माणसाला विचारा, सुनावणी नसेल तर बघू देतात, माझा अनुभव चांगला आहे, उलट कोणी विचारलं म्हणून खूश होऊन गोष्टी सांगत बसतात. सुनावणी चालू असेल तर फोन बंद आणि मागच्या बाकावर गप्प. वर बाल्कनी दिसेल. ती बघून छान म्हणण्याआधी एवढं लक्षात असू द्या की बऱ्याच गावांत काळ्या लोकांना फक्त तिथेच बसता यायचं. जजच्या मागची भिंतही बघा. पूर्व टेक्सासमध्ये सेंटर नावाच्या गावी १८८५ चं विटांचं, गढीसारखं कोर्टहाउस आहे, त्यात जजच्या खुर्चीमागून पळून जायला लपवलेला जिना आहे. निकाल देणं हे काय जोखमीचं काम होतं बघा! लाकूडकामाला जवळून बघा, ओकसारखं दिसणारं दार बऱ्याचदा साधं पाइन असतं, वर ब्रशने रेषा ओढून ओकचं सोंग दिलेलं.

हिल्सबोरोला गेलात तर हे सगळं जास्तच निरखून बघाल, कारण १ जानेवारी १९९३ ला ते जळालं, टॉवर कोसळला, नुसत्या भिंती उभ्या राहिल्या. प्रसिद्ध गायक विली नेल्सन याच काउंटीतल्या अ‍ॅबट गावचा, त्याने निधीसाठी कार्यक्रम केला, आणि १९९९ ला इमारत परत उघडली. आत जे दिसतं ते बरंचसं तेव्हा नव्याने घडवलेलं आहे. मला ते खटकत नाही. भिंत जुनी, घड्याळ नवं, चालतं.

आणि शेवटी खाली, काउंटी क्लर्ककडे. इथे कोणी जात नाही आणि खरी मजा इथे आहे. जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली, आग लागली तरी कागद वाचावेत म्हणून केलेली. आत रोलरवर सरकणाऱ्या लोखंडी कप्प्यांत खरेदीखतांची प्रचंड वह्यापुस्तकं, एकेक उचलायला दोन हात लागतात. हे रेकॉर्ड सगळ्यांना खुलं आहे, ओळख दाखवावी लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. दोन सूच्या असतात, एक विकणाऱ्याच्या आडनावाने, एक घेणाऱ्याच्या. आत्ताच्या मालकापासून सुरू करून मागे मागे जायचं, याने कोणाकडून घेतली, त्याने कोणाकडून. पेन नेऊ नका, पेन्सिल न्या, आणि फोटो काढायचा तर आधी विचारा.

मी आपल्याच घराचा प्लॉट असा शोधला. सबडिव्हिजनचा, म्हणजे आमच्या कॉलनीच्या प्लॉटांचा नकाशा, त्याआधी बिल्डर, त्याआधी एक शेतकरी, त्याआधी त्याचा बाप, आणि मग हाताने लिहिलेली पानं सुरू झाली, आणि मोजमाप एकदम फुटातून 'वारा'त गेलं. टेक्सास आधी स्पेनचं आणि मेक्सिकोचं, त्यामुळे जुनी जमीन 'वारा'त मोजलेली, एक वारा म्हणजे ३३ पूर्णांक एक तृतीयांश इंच. मी मोठ्याने वाचून दाखवलं तर बायको म्हणाली, म्हणजे आपल्या नऊवारीतल्या वारापेक्षा जरा आखूडच की, आपला वार ३६ इंचांचा. हद्द सुरू होत होती एका बोडार्कच्या खुंटापासून, तिथून पूर्वेला अमुक वारा ओढ्यापर्यंत. बोडार्क म्हणजे इकडचं एक काटेरी झाड, लाकूड इतकं चिवट की कुंपणाला तेच. घरी येऊन नकाशावर मोजत बसलो रात्री बारापर्यंत. माझ्या हिशोबाने तो खुंट आमच्या कॉलनीच्या पोस्टाच्या पेट्या जिथे आहेत तिथे येतो, आणि ओढा आता रस्त्याखालच्या पाइपात आहे.